गाडी समुद्रातून कोणी काढली

आमच्या घरात ही गोष्ट कित्येक वर्षं चुकीची सांगितली जाते. लग्नात, बाप्तिस्म्याच्या जेवणात, नाताळला करंज्या तळताना कोणीतरी ती काढतंच. शांतवनदादाने भर समुद्रातून गाडी ओढून काढली, आणि एस्तेरने, म्हणजे मी, तेवढ्या वेळात सगळा कांदा मातीमोल विकून टाकला. एवढं बोलून सगळे हसतात. दादा मान खाली घालून नम्रपणे हसतो, त्या हसण्याने माझं डोकं जास्त फिरतं. मी भांडते, ताटावरून उठते, आणि मग लोक म्हणतात, बघा, अजून जात नाही तिच्या मनातून. कसं जाईल?

गेल्या उन्हाळ्यात मात्र कहर झाला. माझी लेक रिबेका आयर्लंडला नर्स आहे. तिने सुट्टीत भाड्याने एक राहायची गाडी घेतली, आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं असलेली, आणि मला घेऊन तिकडच्या पश्चिम किनाऱ्याने निघाली. गाव संपलं की मेंढरं, मेंढरं संपली की कडा, कडा उतरला की पुढचं गाव. बंदरावर निळ्या-पिवळ्या घरांची रांग, कोपऱ्यावर आइस्क्रीमचं दुकान, आणि पावसात भिजत ते आइस्क्रीम खाणारी माणसं. या वयात मी खिडकीला नाक लावून बसले होते. गाड्या लावायच्या तळांवर मी भाव करायचे, रिबेका लाजेने गाडीत जाऊन बसायची, आणि दोन तळांवर मी भाव पाडलाही. डिंगल गावाच्या अलीकडे अशाच एका तळावर शेजारच्या गाडीतले नवरा-बायको चहाला आले. आमची पोरगी त्यांना इंग्रजीत सांगू लागली, आमच्याकडेही अशी गाडी होती, माझ्या मामाने ती समुद्रातून ओढून काढली होती. त्या पाहुण्यांनी मान डोलावली. मी कप इतक्या जोरात खाली ठेवला की बशी तडकली. सात समुद्रांपलीकडेसुद्धा दादाच! तिथंच ठरवलं, शिरूरला परत गेल्यावर हे सगळं जसं झालं तसं लिहून ठेवायचं.

तेव्हा आम्ही दौंडला रेल्वे कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे आईची लिंबाची दोन झाडं आणि कोंबड्या. बाबा लोको शेडमध्ये फिटर. पहाटे शेडचा भोंगा झाला की आई स्टोव्हला पंप मारायची, आणि त्या दोन आवाजांवर आम्ही उठायचो. दिवसभर शंटिंगचे धक्के ऐकू येत. एक डबा दुसऱ्याला आपटला की आमच्या फळीवरची पितळी भांडी किणकिणायची. आईचं माहेर शिरूरचं, मिशनच्या शाळेमागच्या आळीतलं. मामा न्हावऱ्याला शेती करायचा, त्यामुळे कांदा, बाजरी आणि दूध यांची आमच्याकडे कधी वानवा नव्हती. रविवारी चर्चहून आलो की मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. आईचा रस्सा असा झणझणीत, की जेवताना कोणी बोलत नसे, नुसतं नाक ओढल्याचे आवाज.

बाबांना गाडीचं वेड कुठून लागलं ते सांगते. रेल्वेत कॅम्पिंग कोच नावाचा प्रकार असतो. लांब कुठे रूळ किंवा पूल दुरुस्तीचं काम निघालं की माणसांना राहायला एक जुना डबा देतात, आत फळ्यांचे पलंग, चूल, पाण्याची टाकी. तो डबा मालगाडीला जोडून नेतात आणि कुठल्यातरी ओसाड स्टेशनाच्या बाजूच्या रुळावर सोडतात. बाबांनी तरुणपणी अशा डब्यात बरेच दिवस काढले होते. ते म्हणायचे, "सकाळी दार उघडलं की रोज नवं गाव. घर तेच, अंगण निराळं. याच्यासारखं सुख न्हाई." म्हणून जेव्हा शिरूरच्या एका व्यापाऱ्याची जुनी मॅटेडोर व्हॅन भंगाराच्या भावात निघाली, तेव्हा बाबांनी आईला न विचारता ती ओढत दौंडला आणली. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तीच फडक्याने काचा पुसताना दिसली.

सगळा हिवाळा बाबा त्या गाडीखाली होते. इंजिन उतरवलं, चढवलं. आतल्या बाजूला कॅम्पिंग कोचसारख्याच बिजागरीच्या फळ्या ठोकल्या, दिवसा उभ्या, रात्री आडव्या. स्टोव्हला कठडा केला, म्हणजे वळणावर पातेलं घसरू नये. पाण्याला पत्र्याचं पिंप, त्याला खाली तोटी. आईने जुन्या पातळाचे पडदे शिवले. मी आणि दादा बाबांच्या हाताशी. पान्हा मागितला की दादा शोधत राहायचा आणि मी देऊन मोकळी व्हायचे, हे इथं नोंदवून ठेवते. संध्याकाळी शेडमागच्या मैदानात बाबा आम्हा दोघांना गाडी शिकवायचे. दादा वीस वर्षांचा, मी अठरा पुरी केलेली. ठरलेलं असं होतं की ही गाडी पुढे शिरूर-न्हावरे रस्त्यावर वडापला लावायची, म्हणजे माणसं भरून भाड्याने चालवायची. चालवणार कोण, हा प्रश्न होता. दादा गृहीतच धरून बसला होता. मी बाबांना स्पष्ट विचारलं.

"बाबा, ज्याचा हात चांगला त्याला गाडी देणार का ज्याला मिशी हाय त्याला?"

बाबा खूप हसले. म्हणाले, "कोकणात जाऊन येऊ. तिथले घाट बघू. परत येईपर्यंत कळंल मला कुणाचा हात कसा हाय ते."

बस, त्या वाक्यावर मी त्या सहलीला निघाले. बाकीचे समुद्र बघायला निघाले होते. मला गाडी हवी होती.

मे महिना सरत आला होता. कोकणात पाऊस लागायच्या आधी बायका चार महिन्यांचं सामान भरून ठेवतात, त्याला तिकडे अगोट म्हणतात, आणि त्या अगोटीत कांद्याला फार मान, कारण कांदा तिकडे पिकत नाही. हे मामाला ठाऊक होतं. त्याने न्हावऱ्याहून कांद्याच्या गोणी आणून टाकल्या. म्हणाला, "रिकामी गाडी कशाला न्येता? डिझेल तरी निघंल." गोणी पलंगांच्या फळ्यांखाली रचल्या. त्यामुळे आमच्या त्या राहत्या घराला जन्मापासून कांद्याचा वास होता, आणि शेवटपर्यंत राहिला.

बाबांनी सगळी सहल रेल्वेच्या शिस्तीत चालवली. त्यांच्या गळ्यात गार्डाची शिट्टी. शिट्टी वाजल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, दुसरी वाजली की सगळे आत. प्रार्थना करून निघालो, सासवड केलं, भोर केलं, वरंधा घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून आईने भाकरीबरोबर ठेचा वाढला, आणि खाली नुसती हिरवी दरी. आम्ही दौंडची माणसं. आमच्याकडे उंच म्हणजे पाण्याची टाकी. दादा तर दाराला धरूनच उभा होता. महाडवरून मंडणगड आणि मग केळशीच्या अलीकडे एका चढावर आई एकदम ओरडली, "थांबवा, थांबवा!" आम्हाला वाटलं कोंबडी आली चाकाखाली. आई बोट दाखवत होती. झाडांच्या वर, आभाळाच्या खाली, एक चकचकीत पट्टा. आईने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकली. शेवटी म्हणाली, "एवढं पाणी, आन् बांध न्हाई कुठं."

ते पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. केळशी, आंजर्ले, मधली लहान लहान गावं. नारळीखाली गाडी लावायची, पडदे ओढायचे, सकाळी दार उघडलं की समोर लाटा. आई दारात बसून स्टोव्हवर ताजी मासळी तळायची आणि आजूबाजूच्या बायका "घाटावरनं आलेली घरगाडी" बघायला यायच्या. आत डोकावायच्या, फळ्या वर-खाली करून बघायच्या, आईला आमसुलं द्यायच्या. बाबांच्या तोंडावर तर असं तेज, की जणू स्टेशनमास्तर झाले. कांदा विकायला मात्र कोणालाच घाई नव्हती. हर्णैचं बंदर मोठं, तिथं चांगला भाव येईल असं बाबा म्हणत होते. घाटाचा उतार दादाने उतरवला होता, चढ माझ्या वाट्याला आला होता. बाबा काही बोलत नव्हते. मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघायचे.

हर्णैला आम्ही सकाळी उशिरा पोचलो. समुद्र खूप आत गेलेला. समोर ओली, सपाट वाळू, अशी घट्ट की चालताना पाऊल उमटत नव्हतं. दूरवर बैलगाड्या उभ्या होत्या, त्यांच्यापलीकडे होड्या. गाडी दादाच्या हातात होती. त्याने बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान हलवली, आणि दादाने गाडी सरळ वाळूवर घातली. काय सांगू, काय मजा आली! सोलापूर रोडवरसुद्धा अशी गाडी पळाली नव्हती. आई ओरडत होती, हसत होती, भांडी खणखणत होती, आम्ही वर्तुळं काढली, आठ काढला. मग आई म्हणाली, "पार पाण्यापाशी ने की रे. मी दारात बसून पाय बुडवीन." दादाने नेली. पाण्यापासून जेमतेम दोन हातांवर उभी केली. आई दारात बसली, लाट आली की पाय पाण्यात, मांडीवर परात, आणि बाजरीचं पीठ मळू लागली. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे आजही आहे.

एक बैलगाडीवाला जाताना थांबला. काळा, सडपातळ माणूस, डोक्याला लाल फडकं. म्हणाला, "गाडी वर घ्या, काका. हितं उभी करू नका."

आता हे आमच्या माणसांच्याच बाबतीत होऊ शकतं. दौंडच्या बाजारात असं कोणी येऊन 'इथं गाडी लावू नका' म्हटलं की तो पावती फाडायला आलेला असतो. बाबा उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "पावतीपुस्तक दाखव आधी."

"कसली पावती?"

"मग कशाच्या हुकुमानं हटवतो? समुद्र तुझ्या बापाचा हाय का?"

मी मागून भर घातली, "आमी न्हाई द्यायचो काई." त्या माणसाने कासरा उचलला. मग म्हणाला, "समुद्र माज्या बापाचा नाय, पन मी वळखतो त्याला." आणि बैल हाकून गेला. आम्ही सगळेच खूष झालो, की फुकट्याला परतवला.

आमचं जेवण झालं. बाबा गाडीच्या सावलीत आडवे झाले. जाग आली तेव्हा त्यांच्या कमरेखाली पाणी होतं. आम्ही चटई उचलून वरच्या अंगाला टाकली. थोड्या वेळाने पुन्हा उचलली. पाण्याने गाडीची पुढची चाकं गाठली. बाबांनी उभं राहून आडवा हात कपाळावर धरला आणि समुद्राकडे पाहिलं. घोड आणि भीमा यांच्या काठची माणसं आम्ही. नदीचं पाणी असं उन्हाळ्यात अचानक वाढलं की त्याला आमच्याकडे एकच कारण असतं.

"वरनं पाणी सोडलं असंल," बाबा म्हणाले. "कुठंतरी धरण असंल. आवर्तन संपलं की उतरंल. घाबरू नका."

आता रिबेकाच्या त्या आयर्लंडात प्रत्येक किनाऱ्यावर फळा लावलेला असतो, आज पाणी कधी चढणार, कधी उतरणार. मी प्रत्येक फळ्यासमोर उभी राहायचे आणि रिबेका म्हणायची, आई, किती वेळा वाचशील. तिला काय ठाऊक. शाळेत भरती-ओहोटी आम्हीही शिकलो होतो, परीक्षेत चंद्राचं चित्रही काढलं होतं. पण ते पुस्तकातलं पाणी. ते उठून आपल्या गाडीपर्यंत येतं, हे कोणाच्या डोक्यात येणार?

शेवटी बाबांनी शिट्टी वाजवली आणि दादाने गाडी सुरू केली. मॅटेडोरची पुढची चाकं गाडी ओढतात, आणि नेमकी तीच पाण्याखालच्या वाळूत बसली होती. दादाने रेस दिली, चाकं गरगर फिरली आणि आणखी खाली गेली. "अजून दे," बाबा म्हणाले. "देऊ नको!" मी ओरडले. दादाने दिली. गाडी पुढच्या अंगाने पोटावर बसली. मग एक लाट आली आणि दारातून आत शिरून आईचा स्टोव्ह उचलून घेऊन गेली. आई किंचाळली नाही. ती नुसती परात छातीशी धरून उभी राहिली आणि प्रार्थना पुटपुटू लागली. बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांचा अख्खा हिवाळा त्या पाण्यात उभा होता, आणि माझं पुढचं सगळं आयुष्य.

मी पळत सुटले. परकर खोचला आणि थेट बैलगाड्यांकडे. तोवर भरतीबरोबर होड्या आल्या होत्या आणि मासळीचा लिलाव पेटला होता. बैलगाड्या छातीभर पाण्यात जाऊन होड्यांवरून टोपल्या आणत होत्या. वाळूवर ढीग, ढिगांभोवती बायका, सगळीकडे ओरडा, बर्फ, माशांचे खवले, कावळे. मी एकेका गाडीवाल्याच्या मागे लागले. "मामा, चला ना, गाडी बुडतेय आमची." कोणाला वेळ नव्हता. एक खेप सोडली तर त्याची मासळी दुसरा उचलणार. तो लाल फडक्यावाला दिसला. मला पाहून म्हणाला, "काय गो, पावती पायजे?" आणि बाकीचे खो खो हसले. रडायला आलं होतं, पण त्याहून जास्त राग आला. माझा राग असा आहे की तो आला की मला सगळं लख्ख दिसायला लागतं.

मला दिसल्या बायका. लिलाव पुरुष पुकारत होते, पण कोणाची मासळी कोणाला, किती आणि कशी, ते बायका ठरवत होत्या. आणि मधोमध एक भक्कम बाई, नाकात मोठी नथ, केसांत अबोलीची वेणी, तिचा शब्द कोणी मोडत नव्हतं. तिला सगळे यशोदाबाय म्हणत होते. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि गाडीचं नावसुद्धा काढलं नाही.

"मावशी, कांदा घ्यायचाय का? अगोटीला?"

ती वळली. "कंचा कांदा?"

"न्हावऱ्याचा. लाल, सुका, दाण्यासारखा घट्ट. दिवाळीपत्तोर न्हाई कुजायचा."

"कसा दिलास?"

मी भाव सांगितला. असा भाव की तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग आजूबाजूला. मी इतक्या मोठ्याने बोलले होते की पाच-सहा बायका सरकून जवळ आल्या.

"इतका सवंग? चोरीचा हाय काय?"

"चोरीचा न्हाई. पण आत्ताच्या आत्ता सांगा. घ्यायचा तर सगळा घ्या. एकेक गोण न्हाई विकायची मी."

"मला दोन गोणी," एक बोलली. "मला एक," दुसरी. "आगो थांबा, मी आदी!" यशोदाबायने हात वर केला. "सगला आमचा. वाटून घेव. दिलास ना?"

"दिला," मी म्हणाले. "तुमचा झाला. शब्द पक्का?"

"पक्का. कुठं हाय माल?"

मी वळून बोट दाखवलं. आमची मॅटेडोर पुढच्या काचेपर्यंत वाकून समुद्रात उभी होती, बाबा आणि दादा तिला मागून ओढत होते, आणि आई परात घेऊन गुडघाभर पाण्यात.

"त्या तिथं हाय तुमचा कांदा," मी म्हणाले. "भिजला तर कुजंल."

यशोदाबायने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही माझ्या मुस्काटात देणार. तिने तोंडातल्या तोंडात मला एक अस्सल शिवी दिली, आणि मग हसली, अशी की तिची नथ हलली. मग वळून लाल फडक्यावाल्याला असा आवाज दिला की अख्खा लिलाव थांबला. तो तिचा थोरला मुलगा निघाला. "आरं ए, बैल घेऊन ये! माजा चार म्हयन्यांचा कांदा बुडतोय तिकडं!"

त्यानंतर जे झालं ते पाहण्यासारखं होतं. मघाशी ज्यांना वेळ नव्हता ते सगळे बायकोच्या, आईच्या, सासूच्या आवाजावर धावले. बायका कमरेपर्यंत पाण्यात शिरल्या आणि मागच्या दाराने गोणी काढून डोक्यावरून कोरड्या वाळूवर नेऊ लागल्या. गाडी हलकी झाली. पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायचे ते दिवस. ओढायचं कसं, हे त्या माणसांना सांगावं लागत नव्हतं. जाड दोर आला, मागच्या बाजूला बांधला, चाकांखाली फळ्या सरकवल्या, दोन बैलजोड्या लावल्या आणि दोराला रांगच्या रांग लागली. दादाही लागला, हे मी नाकारत नाही. रांगेत सगळ्यात पुढे होता, आणि दोराने त्याच्या दोन्ही तळव्यांची साल निघाली. मी स्टिअरिंगवर होते, पाणी माझ्या मांडीपर्यंत. लाल फडक्यावाला लाटेवर नजर ठेवून होता. लाट आली, गाडी जराशी उचलली गेली, आणि त्याने हाळी दिली. एकच आवाज उठला. दोर ताणला. काहीतरी चिखलातून सुटल्यासारखा 'भक्क' असा आवाज झाला आणि आमचं घर समुद्राकडे तोंड करून मागे मागे निघालं. मी रडत होते आणि ओरडत होते. आई परात वाजवत होती!

वर आल्यावर यशोदाबायने मला बाजूला घेतलं. "बापाला सांग, या पोरीला बाजारात बसव. उपाशी नाय मरायची." बाबा तिथंच होते. ते गोणी मोजत म्हणाले, "पण कांदा लईच स्वस्तात दिला हिनं." ऐकलंत? गाडीच्या चाकांतून अजून समुद्र गळत होता, आणि हे वाक्य. ती गोष्ट तिथं जन्माला आली.

दापोलीला एका गॅरेजात बाबांनी सगळं इंजिन खोलून गोड्या पाण्याने धुतलं. गाडी सुरू झाली, पण तिला खोड लागली. स्टार्टर गेला तो गेलाच. धक्का मारून सुरू करावी लागे. आणि रेस सोडली की इंजिन मरे. ब्रेक दाबताना त्याच पायाच्या टाचेने रेस धरून ठेवायची, तेव्हा जिवंत राही. दादाच्या दोन्ही हातांना पट्ट्या. बाबा इंजिनाचं झाकण उघडून, डिझेलचा पंप हाताने मारत बसलेले, कारण आमचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे होतं. म्हणजे चालवणार मी. मंडणगडचा चढ, महाड, आणि मग अख्खा वरंधा घाट, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, समोरून लाल एसटी. मी ती गाडी एकदाही मरू दिली नाही. माथ्यावर पोचल्यावर बाबा पंप मारता मारता म्हणाले, "हात चांगला हाय गं." मी पुढचं सगळं अंतर गाणी म्हणत आले. सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपं. वाटलं, आता काय, ठरलं.

कुरकुंभला दौंडचा फाटा आला आणि बाबा म्हणाले, "जरा उताराला लावून थांबव."

थांबवली.

"सरक. आता शांतवन घेईल. पट्ट्या सोडल्या की धरंल तो."

"का?"

"कॉलनीतली माणसं बघतील. ठाण्यातले पोलीस बघतील. तुला लायसन न्हाई."

"त्याला तरी कुठं हाय?"

बाबांनी गळ्यातली शिट्टी चाचपली. मग खरं काय ते बोलले, "बरं दिसत न्हाई, एस्तेर. पोरगा असताना पोरगी गाडी घेऊन आली, असं म्हणतील लोक."

मी जे बोलले ते इथं लिहीत नाही, कारण नातवंडं वाचतील. दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "घाट चढली म्हणून काय झालं, कांदा घालवला त्याचं काय?" मी त्याच्या अंगावर धावले. आईने मधे हात घातला. "जाऊ दे, बाई. घरापाशी तमाशा नको." मी सरकले. मागे जाऊन फळीवर बसले आणि हाताची घडी घातली. दादाने उतारावर गाडी सोडून सुरू केली.

दौंडमध्ये शिरताना रेल्वेखालची मोरी आहे. रस्ता खाली उतरतो, रुळांच्या पोटातून जातो आणि पुन्हा वर चढतो, आणि मधे इतका अरुंद की एक गाडी अडली की गाव अडतं. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. समोरून कडब्याचा ट्रॅक्टर आला, दादाने ब्रेक दाबला, रेस सोडली, आणि आमची मॅटेडोर मोरीच्या बरोबर तळाशी मेली. मागे एसटी. एसटीमागे टांगे, सायकली, शेरडं, बाजाराला निघालेलं अर्धं दौंड. हॉर्न सुरू झाले. वरून मालगाडी जायला लागली आणि मोरी गडगडली. दादा चावी फिरवतोय, स्टार्टर गेलेला हे विसरून. लोकांनी धक्का मारला, इंजिन लागलं, दादाचा पाय हलला, पुन्हा मेलं. पुन्हा धक्का, पुन्हा मेलं. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ फिटर! डब्बा रुळावर ठेवा की त्यापेक्षा!" कॉलनीतली माणसं ओळखून हसायला लागली. बाबांच्या कानशिलापर्यंत लाली चढली. ते मागे वळले.

"एस्तेर, घे बाई तू."

मी हलले नाही.

"घे की गं! लोक बघतायत!"

"बघू द्या की. आधी सांगा, गाडी समुद्रातनं कुणी काढली?"

"आता ही वेळ हाय का?"

"हीच हाय. मोठ्यानं सांगा. त्या एसटीवाल्याला ऐकू गेलं पायजे."

एसटीने लांबलचक हॉर्न दिला. दादा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. आईने तोंडाला पदर लावला होता, आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती. बाबांनी एकदा वर, मोरीच्या छताकडे पाहिलं. मग दार उघडून खाली उतरले आणि लोको शेडमध्ये इंजिनांच्या गोंगाटात बोलायचा त्यांचा जो आवाज होता, त्या आवाजात म्हणाले, "गाडी माझ्या पोरीनं काढली समुद्रातनं! कांदा बरोबर भावात इकला! घाटबी तिनंच चढवला! झालं समाधान?"

झालं. पुढे आयुष्यात ते हे कधीच बोलले नाहीत. ती मॅटेडोर शेवटी दादालाच मिळाली, आणि आज शिरूरहून कारखान्यांकडे धावणाऱ्या माझ्या गाड्यांतली एकही मला कोणी दिलेली नाही. पण त्या दिवशी अर्ध्या दौंडने ऐकलं. त्यातली काही माणसं अजून हयात आहेत, त्यांना जाऊन विचारा.

मी उतरले, पुढे गेले आणि दादाच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर," म्हटलं. "आन् मागं जाऊन धक्का मार."